पहिल्या रविवारची शटल

७ फेब्रुवारी १९९५, आर. के. पुरम

साहेबांनी घातलं माझ्याच गळ्यात! सुलतानगढीची छोटी लाइन (मीटरगेज) आता मोठी होतेय, रेल्वेच्या समारंभाला स्मरणिका हवी, तर तिथल्या स्टेशनांचा इतिहास मी लिहायचा. का, तर "मॅडम, आपके फादर वहाँ स्टेशन मास्टर थे ना?" होते. आणि मी सात वर्षांची असताना आई आम्हाला टाकून दिल्लीला मामाकडे निघून गेली, ती तिथूनच. हे काही स्मरणिकेत छापणार नाहीत.

घरी आले तर नागपूरहून उल्हासमामाचं पत्र; रिटायर झाल्यापासून तो आईला घेऊन तिकडेच असतो. आई फार थकलीय, एकदा येऊन जा. हे तिसरं पत्र. उत्तर देणार नाही. तेहतीस वर्षांत तिला एकदा तरी यावंसं वाटलं?

११ फेब्रुवारी

शनिवार. सुलतानगढीला जाऊन आले. पहिलं स्टेशन इंग्रजांनी मिठाच्या व्यापारासाठी बांधलेलं, मंडईला चिकटून. आता तिथे भुशाची पोती. दुसरं आमचं — फाळणीनंतर वस्ती वाढली तेव्हा गावाबाहेर काढलेलं. तिसरं नवं, अजून रंगाचा वास येतो.

आमच्या स्टेशनात जुनी रजिस्टरं वाळवी खात पडली होती. बासष्ट-त्रेसष्टची धड निघाली, ती घरी घेऊन आले. बाबांचं अक्षर! रडू आलं, खोटं कशाला लिहू.

१२ फेब्रुवारी

रजिस्टर सगळं इंग्रजीत. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या दिल्ली शटलपुढे, शेऱ्याच्या रकान्यात देवनागरीत एकच शब्द: 'आई'. हिंदीतलं 'आई' — म्हणजे गाडी आली. मग इतर दिवशी आली नाही की काय? वेळा तर रोजच्या भरल्यात. शेवटी मसुद्यात ठोकून दिलं की पहिल्या रविवारी बहुधा खास गाडी येत असावी.

१३ फेब्रुवारी

अविनाशला मसुदा वाचून दाखवला. नवरोबा हसायलाच लागले. "अण्णासाहेब आणि बरोबर हिंदी? अगं, सासरेबुवा जन्मभर 'गाडी आया' म्हणाले!"

खरंच की. सगळं स्टेशन हसायचं, पण बाबांची गाडी कायम 'आया'च. 'गाडी आई' त्यांच्या हातून उतरणंच शक्य नाही.

म्हणजे तो शब्द मराठी आहे.



१५ फेब्रुवारी

ऑफिसात दोनदा चुकीची फाइल वर पाठवली.

१८ फेब्रुवारी

परत सुलतानगढी. बाबांच्या हाताखाली रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन रामफल चाचा अजून आहेत. सरळच विचारलं. आधी चहा मागवला, मग म्हणाले, "आती थीं, बिटिया. हर पहले इतवार. बड़े बाबू उतरने नहीं देते थे."

इंजिन फिरून परतीला लागेपर्यंत पाऊण तास ती डब्यातच बसायची. उतरलीस तर मुलीला सांगलीला बहिणीकडे पाठवीन, तुला पत्ताही लागणार नाही, असा बाबांनी दम भरलेला. मग त्याच गाडीने परत. आणि बाबा ऑफिसात येऊन रजिस्टर भरायचे. खोटं रजिस्टर त्यांनी कधी भरलं नाही. मला मात्र सांगायचे, तिला तुझी आठवणही नाही.

इतका राग बाबांचा मला कधी आला नव्हता. ते असते तर मी भांडले असते, कडकडून भांडले असते.

मामाला तार केली. येतेय.

२२ फेब्रुवारी, नागपूर

आई अंथरुणातच. माझं तोंड दोन्ही हातांत धरून पहिला प्रश्न: "झोपाळ्यावरून पडलीस, तेव्हाचा तो दात नीट आला ना गं?"

तो झोपाळा आमच्या क्वार्टरच्या अंगणात होता, फलाटाच्या अगदी समोर. आई गेल्यावर बाबांनीच बांधला. रविवारी सकाळी मला त्यावर बसवायचे, आणि मग शटलसाठी फलाटावर जायचे.