दोघींच्या तिकिटावर एकटी

ती. जाऊबाईंना,

धाकटीचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवल्याचं समजून घ्या. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सूनबाई चहा तुमच्या मापाचा देतात की पाहुण्यांच्या? नातीचे पुढचे दात आले का? इकडे सगळं ठीक आहे. तुमचे दीर ठीक आहेत, म्हणजे दिवसातून चार वेळा चष्मा हरवतात आणि चारही वेळा माझ्याकडे अशा नजरेने बघतात की जणू मीच तो घालून बसले आहे. दुकान ठीक आहे. मीही ठीक आहे. आता सगळंच ठीक असताना आठ महिन्यांनी हिला पत्र कुठून सुचलं, असं तुम्ही मनात म्हणालच, म्हणून सांगून टाकते: मी राजधानी पाहून आले.

होय, आपल्याच तिकिटावर. जाहिरात तुम्हाला आठवत असेल. शनिवार-रविवार राजधानी, बस, खोली आणि सकाळचा नाश्ता, दोघांना एकाच्या भावात. तीस वर्षं एका दुकानात काढली आपण, तुम्ही कापायचं आणि मी शिवायचं, आणि दोघींनी मिळून पाहिलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे घाऊक कापडबाजार. तुम्ही जाहिरात दोनदा वाचलीत आणि म्हणालात, बघू. (तुमच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे होकार, हे जगात मला एकटीला कळतं.) तारीख मिळाली ती वर्षभरानंतरची, म्हणून तर एवढी स्वस्त. त्या वर्षात बँकेतल्या साहेबांचा कोट आला आणि बाह्या इंचभर आखूड झाल्या. उसवून सोडवाव्यात तर आत दुमडीत मायेचं जादा कापडही उरलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांसमोर, बटणं न्यायला आलेल्या त्या दोन बायकांसमोर, मी तुम्हाला म्हणाले, “जाऊबाई, तुम्हाला आता दिसत नाही.” तुम्ही कात्री पुसून खणात ठेवलीत. काही बोलला नाहीत. बोलला असतात तर भांडण झालं असतं, आणि भांडणं आपल्याला नवीन नाहीत. तुम्ही बोलला नाहीत आणि आठव्या दिवशी मुलाकडे निघून गेलात, चार दिवसांसाठी म्हणून.

तर तिकीट. मी कंपनीला फोन केला. पैसे परत मिळणार नाहीत, नाव बदलता येणार नाही, तारीख बदलता येणार नाही. मग काय बदलता येईल, असं विचारलं तर ती मुलगी म्हणाली, खिडकीची जागा. तुमचे दीर म्हणाले, “वहिनींच्या नावावर मी कसा जाणार?” आणि असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आमच्या लग्नातल्या फोटोतही नाही. म्हणून एकटी निघाले. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. दोन थांब्यांनंतर एका जाडजूड गृहस्थांनी विचारलं, इथे कुणी आहे का? मी म्हणाले, आहे. इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

खोट्याला पाय फुटतात म्हणतात, माझ्या खोट्याला तर बस, खोली आणि नाश्ता मिळाला. हॉटेलातल्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, दुसऱ्या बाई? ‘त्या आल्या नाहीत’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, “त्या मागून येतायत.” त्याने दोन किल्ल्या दिल्या. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खिडकी उघडली की समोर कुठल्याशा सरकारी खात्याची भिंत, इतकी जवळ की हात लांब केला तर अर्ज देता आला असता. दोन पलंग, दोन टॉवेल, दोन साबण, नखाएवढे. मी भिंतीकडचा पलंग घेतला, कारण तुम्हाला दाराजवळचा लागतो. घेतल्यावर लक्षात आलं की काही गरज नव्हती. तरी बदलला नाही.

दुपारी फुकटची पायी सहल होती. (फुकट म्हणजे शेवटी टोपी पुढे करतात आणि आपण लाजेने जास्त टाकतो, हे मागाहून कळलं.) गाइड पिवळी छत्री घेऊन आली, यादी वाचली, आणि आपल्या नावापुढे दोनचा आकडा पाहून म्हणाली, थांबू या, तुमच्या सोबतच्या बाई येऊ देत. मी म्हणाले, निघा, त्या येतील. पण ती कर्तव्याची पक्की. चौकात घोड्यावरच्या पुतळ्याखाली वीस माणसं तुमच्यासाठी तिष्ठत उभी राहिली, जाऊबाई. दहा मिनिटांनी तिने विचारलं, दिसतात कशा? आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण आठ महिन्यांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले. बुटक्या, तपकिरी स्वेटर, त्याचं वरचं बटण कायम उघडं, कारण गळ्याला काही लागलेलं खपत नाही. रस्ता ओलांडताना आधी गाडीवाल्याकडे असं बघतात की गाडीवाला स्वतःच थांबतो. दुकानांच्या काचेतले कपडे बघताना ओठ मिटतात, म्हणजे शिवण वाकडी आहे. सही करताना जीभ किंचित बाहेर येते. लोक ऐकत होते. एका म्हातारबाबांनी तर वहीत टिपून घेतलं. मग सगळ्यांनाच तुमची काळजी वाटू लागली आणि चार-पाच जण शोधायला पांगले. थोड्या वेळाने दोघे तरुण एका तपकिरी स्वेटरवाल्या बाईंना दंडाला धरून घेऊन आले. बिचाऱ्या कोबी घेऊन घरी चालल्या होत्या. मी म्हणाले, या नव्हेत. त्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझा हात थोपटून गेल्या. पुढे राजवाडा पाहिला, संसद पाहिली, पूल पाहिला, पण खरं सांगायचं तर काय पाहिलं ते आठवत नाही. प्रत्येक वळणावर मी मागे बघत होते. स्वतःच सांगितलेलं खोटं स्वतःलाच पटावं, इतकं वेड मला लागलं होतं.

सकाळी नाश्त्याला दोन कुपनं. वाढपी म्हणाला, त्यांची अंडी गार होतील. मी म्हणाले, त्यांना बरं नाही, वर नेते. दोन ताटं घेऊन चार जिने चढले आणि दाराजवळच्या पलंगावर बसून दोन्ही नाश्ते मी खाल्ले. टाकवलं नाही, तुम्ही रागावला असतात.

मग म्युझियम. रविवारी तिकीट नाही, म्हणून गेले. वरच्या मजल्यावर जुने कपडे, आणि एका लाकडी पुतळ्यावर कुणा मोठ्या लष्करी माणसाचा कोट, पुढे नुसता दोर बांधलेला. शिलाई अशी की बघत राहावं. खाली पाटी: बाहीची लांबी चोवीस इंच. मी नजरेनेच म्हटलं, नाही, तेवीस. तुम्ही शेजारी असतात तर म्हणाला असतात, चोवीसच आहे, तू गप्प बस. पण तुम्ही नव्हतात आणि पर्समध्ये टेप होता. इकडेतिकडे पाहिलं, दोरावरून वाकले आणि माप घेतलं. तेवीस. मी जिंकले. तेवढ्यात कमरेत लचक भरली आणि पहारेकऱ्याने मला त्याच अवस्थेत पकडलं, म्हणजे मी सरळ होईना आणि तो सोडेना. मी वाकलेलीच त्याला सांगत होते की तुमची पाटी चुकली आहे, तीस वर्षं मापं घेते मी, एवढ्या मोठ्या राजधानीत एक बाही मोजता येत नाही? त्याने शेवटी हात टेकले आणि आतून एका बाईंना बोलावलं. त्या तिथले जुने कपडे दुरुस्त करतात. पांढरे हातमोजे, हातात लोखंडी पट्टी. त्यांनी आधी मला खुर्चीवर बसवलं. मग माझा टेप टेबलावर सरळ पसरला आणि शेजारी पट्टी ठेवली. माझे तेवीस इंच त्यांच्या चोवीसला जाऊन लागले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कापडी टेप ताणतात हो. तुम्ही बोलताना ओढत असाल.”

मी बोलताना ओढते. गळ्यातल्या टेपची दोन टोकं धरून ओढते, तीस वर्षं. तुम्ही रोज सांगायचात, टेप सोड. माप घेणार मी या टेपने आणि तुम्ही कापणार टेबलाला ठोकलेल्या पट्टीवर. साहेबांच्या हाताला मी टेप लावला, तेवीस लिहिले, आणि तुम्ही बरोबर तेवीस कापलेत. बाही तुमच्या डोळ्यांनी आखूड झाली नाही, माझ्या टेपने झाली. गेल्या वर्षी निम्म्या गावाच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या, त्यासुद्धा माझ्याच टेपने. गिऱ्हाईक म्हणायचं, धुवून आटली वाटतं, आणि मी गंभीर चेहऱ्याने कापडगिरणीला नावं ठेवायची.

त्या खुर्चीवर मी रडले. त्या बाईंना वाटलं कंबर दुखतेय. पाणी दिलं, पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली, सोबतीला कुणी आहे का विचारलं. मी म्हणाले, नाही, मी एकटीच आलेय. दोन दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले.

जाऊबाई, मला तुमची फार आठवण येते. भांडायला नव्हे, नुसतीच. कापण्याच्या टेबलापलीकडे भिंत दिसते, ती इतकी वर्षं तिथे होती हे मला माहीत नव्हतं. परतीच्या बसमध्ये एका बाईंनी विचारलं, इथे कुणी आहे का? मी पिशवी मांडीवर घेतली. त्या बसल्या आणि घरापर्यंत झोपल्या. माझ्या खांद्यावर.

सर्वांना यथायोग्य सांगा. नातीला पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. मी बँकेत गेले होते. साहेबांच्या टेबलासमोर, रांगेतल्या माणसांसमोर सांगितलं की चूक माझ्या टेपची, मोठ्या बाईंची नव्हे. ते म्हणाले, एवढ्यासाठी रांग थांबवलीत? बटणं न्यायला आलेल्या दोघींच्या घरीही जाऊन आले. एकीला काही आठवत नव्हतं. तिला आधी सगळा प्रसंग सांगावा लागला, तुमचा अपमान पुन्हा एकदा करावा लागला, आणि मग माफी मागितली.

ता. क. २ साहेबांनी नव्या कोटाचं कापड आणून टाकलं आहे. मापं नव्या टेपने, दोनदा घेतली. म्हणाले, कापायचं मात्र मोठ्या बाईंनीच. टेबलावर घडी तशीच आहे. मी खडू लावलेला नाही. एकदा कात्री हातात घेतली होती, पण हात पुढे जाईना.

ता. क. ३ वर सगळा दोष टेपवर घातला आहे आणि तो आहेच. पण गेल्या वर्षी तुम्ही दोनदा सुई माझ्याकडून ओवून घेतलीत, तीही दुसरंच काही निमित्त काढून, हे मी पाहिलं होतं. डोळ्यांचं खरंच काही झालं असेल, तरी या. कापता येत नसेल, तरी या. टेबलाच्या त्या बाजूला नुसत्या बसा आणि मला टेप सोडायला सांगा.

ता. क. ४ शनिवारची बस दहाला पोचते. मी स्टँडवर असेन. तुम्ही ‘बघू’ एवढंच लिहिलंत तरी चालेल.