ले मांग्लारमध्ये दोघांसाठी टेबल

३ मार्च
बायको, नोएलिया, पोन्से शहरात बहिणीकडे जाऊन आज एक्केचाळीस दिवस. थोडी विश्रांती हवी म्हणाली होती. कॉफीचं भांडंही नेलंय. म्हणजे विश्रांती जरा मोठी आहे, एवढंच.

कारण सापडलं. सहा वर्षं म्हणत होती, एकदा ले मांग्लारमध्ये जेवू. मी म्हणायचो, केळी कुटून मोफोंगो घरीही होतो. तिथे तोच चमचाभर देतात आणि फ्रेंच नाव ठेवतात. चुकलंच. एकवीसला लग्नाचा वाढदिवस. तिला तिथे नेणार, ती परत येणार. फोन केला. 'बघू' म्हणाली. तिच्या भाषेत बघू म्हणजे हो.

५ मार्च
दोन महिने टेबल नाही म्हणतात. पोस्टात एकतीस वर्षं काढलीत हेही सांगून पाहिलं. फरक पडला नाही. उद्यापासून स्वतः जाणार.

९ मार्च
चौथ्या खेपेला मॅनेजरीण भेटली, मादाम सोलांज. काय बोलावं सुचेना. तोंडून गेलं, बायको आजारी आहे. मग गेलं, डॉक्टरांनी आशा सोडलीय. बाईंच्या डोळ्यांत पाणी. टेबल मिळालं. साडेपाचचं, किचनच्या दाराशी. अगदीच खोटं नाही म्हणता येणार. माणूस कधी ना कधी जातोच.

१४ मार्च, सकाळी
सूट काढला. पॅन्टचं बटण लागत नाही. एकवीसपर्यंत तळलेलं बंद.

दुपारी १
खेकडा भरलेल्या दोन आल्कापुरिया खाल्ल्या. तळलेल्या असल्या तरी मासळीतच मोडतात.

१७ मार्च
केस कापायला तिबुर्सिओकडे. तो म्हणाला, एफ्राइन, ती का गेली हे तिलाच का विचारत नाहीस? म्हटलं, त्यात विचारायचं काय, जेवणावरून गेली. त्याने माझी मान पुढे वाकवली. कानामागे जरा जास्तच कापले.

२१ मार्च, संध्याकाळी ७.३०
आली. निळा ड्रेस, केस आखूड. म्हटलं, वाढतील. हसली नाही.

तिची खुर्ची दोन वेटरांनी मिळून सरकवली. पाठीला उशी. शेफ बाहेर आला, न मागवलेलं सूप ठेवून मान खाली घालून गेला. नोएलियाने विचारलं, हे सगळ्यांनाच असं करतात? म्हटलं, उंची ठिकाण आहे. तेवढ्यात मादाम सोलांजने तिचा हात हातात घेतला. म्हणाली, तुमच्यासारखं धैर्य सगळ्यांकडे नसतं, आणि असा नवराही.

नोएलियाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मादामला शांतपणे म्हणाली, बाई, मी ठणठणीत आहे. याच्याकडेच जरा बघा.

पेरूच्या रसातलं बदक तिने स्वतः मागवलं, सगळं संपवलं. माझ्या गोगलगाई शंखातून निघेनात. ती म्हणाली, चौतीस वर्षं माझ्याबद्दल लोकांना तूच सांगतोयस. हिला हे आवडतं, हिला ते होतंय. मला कधी विचारलंस? आता तर मारूनही टाकलंस.

मी लगेच विचारलं, बदक कसं होतं?

उत्तम, म्हणाली. पोन्सेत तिला शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालंय. परत येणार नाही.

एकूण संध्याकाळ चांगली गेली. किचनच्या दाराची जागा नडली. सारखी ये-जा. खिडकीशी बसलो असतो तर वेगळं बोलली असती.

२६ मार्च
तिच्या बहिणीच्या, इर्माच्या, नवऱ्याने येऊन शिलाई मशीन नेलं. मी दोन ब्लँकेटांत गुंडाळून दिलं. पोचवायला मीच येतो म्हटलं. तो म्हणाला, गाडीत जागा नाही. गाडी रिकामी होती.

इतके दिवस बाहेरच भागवलं, ती येईपर्यंतच तर होतं. आज भात लावायला घेतला. एकट्याला किती लावतात माहीत नाही. इर्माला फोन केला. तिने तिथे कुणाला तरी विचारलं.

मागून नोएलियाचा आवाज आला. अर्धी वाटी.