मनोऱ्याची भेग

१८ ऑक्टोबर १९७३, गुरुवार

काल जेवणं आटोपली आणि जमीन हलली! कोयनेचाच धक्का, सगळे म्हणतात. फडताळातले डबे धडाधड खाली आले. मी आईला धरून रस्त्यावर आले. दादा कुठे? — सगळी गल्ली मोकळ्या पटांगणाकडे पळत होती आणि माझे वडील अनवाणी चर्चकडे! सदुसष्ट सालच्या मोठ्या धक्क्यातही त्यांनी हेच केलं होतं.

सकाळी जाऊन दारातूनच पाहिलं. बाकांवर चुन्याचे पापुद्रे. पुढच्या दारावरच्या कमानीचा मधला दगड खाली सरकलाय, आणि तिथून भेग निघालीय ती वर मनोऱ्यात, थेट घंटेपर्यंत. वर तर हात आत जाईल एवढी रुंद. दादा खाली उभे राहून वर बघत होते.

"चुना उडालाय नुसता," म्हणाले.

नुसता चुना!

२१ ऑक्टोबर, रविवार

उपासना आवारात, चिंचेखाली. पाळकसाहेबांनी सगळ्यांना आत जायला मनाई केलीय. दादा मात्र आत, पहिल्या बाकावर, एकटेच. त्यांना बोलवायला मला पाठवलं. मी दारातूनच हाका मारल्या.

"गाणं इथनं ऐकू येतंय मला. तू जा."

आले परत. दुसरं काय करणार? सगळे माझ्याकडे बघत होते. जणू मीच आत बसले होते.

२ नोव्हेंबर

नगरपालिकेचे इंजिनिअर आले. दादांना आनंदच झाला! चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण खरं शिकवायला आवडतं ते हे चर्च. इंजिनिअरना हाताला धरून फिरवलं. काळ्या दगडाच्या भिंती, खाली रुंद, वर निमुळत्या होत गेलेल्या. ब्रह्मदेशातून आलेलं सागवान, छत तोलणाऱ्या त्याच्या कैच्या, वर मंगलोरी कौलं. "एवढं मोठं दालन आणि आत एक खांब नाही, साहेब! कोण कुणाच्या आड बसणार नाही. कुठूनही बघा, सगळे दिसतात."

मग पणजोबांची गोष्ट. ती मी इतक्यांदा ऐकलीय की दादा कुठे श्वास घेतात तेही पाठ आहे. पणजोबा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या खाणीत दगड फोडायला होते. बाप्तिस्मा झाला होता. पण चर्च उघडलं त्या दिवशी सवयीनं बाहेरच उभे राहिले, पायऱ्यांच्या खाली. गावात कुठल्याच देवळाच्या आत पाय ठेवू दिलेला नव्हता ना कधी. पणजीनं हात ओढला — "चला की! दार उघडंच हाय." दादा ही गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी आवाज बसतो त्यांचा. आजही बसला.

इंजिनिअर भला माणूस. टोपी काढून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, तुमचं सगळं खरं. पण मी आत एकही माणूस जाऊ देऊ शकत नाही. मनोरा उतरवावा लागेल."

दुपारी पुढच्या दाराला कुलूप लागलं. बाजूच्या खोलीतूनही आत जाता येतं, तिची किल्ली दादांकडेच राहिली. ती मागायचं कोणाला धाडस झालं नाही.

११ नोव्हेंबर

सांगलीहून भाऊसो आवळे आले. माझे होणारे सासरे, जयवंतचे आप्पा. लग्न अठ्ठावीस डिसेंबरला, आमच्या चर्चमध्ये, असं उन्हाळ्यातच ठरलंय. चहा घेतला आणि थेट विषयाला हात.

"मास्तर, लगीन आता आमच्याकडंच घ्या. सांगलीत चर्च हाय, जागा लय हाय. तुमच्या माणसांची सगळी सोय आमी बघतो."

दादा शांतपणे म्हणाले, "माझ्या वडिलांचं लग्न इथं झालं, माझं झालं. मुलीचंही इथंच."

"आवं, पर कुलूप हाय की त्येला! लेकरांच्या डोक्यात धोंडा पडला तर कुणाला इचारायचं?"

"इथंच. नाहीतर नाही."

नाहीतर नाही! मी आत पोहे परतत होते. हात थांबला. आई माझ्याकडे बघते, मी आईकडे. माझं लग्न आणि मला कोणी विचारलं नाही. तिशी आलीय माझी. हे स्थळ किती वर्षांनी आलं, ते दादांना माहीत नाही का?

१३ नोव्हेंबर

दादा सकाळीच चर्चकडे जातात, अंधार पडल्यावर येतात.

२५ नोव्हेंबर, रविवार

जयवंत आला होता. साखर कारखान्यात केमिस्ट आहे, हंगाम सुरू झालाय, सुटी मिळत नाही, तरी आला. दादा घरात नव्हते — कुठे होते ते सांगायला नको! आईनं मुद्दाम आम्हाला अंगणात बसू दिलं.

"एस्तेर, तुझं काय म्हणणं आहे?"

पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. आणि मला काही सांगता येईना! लग्न तुझ्याशीच करायचंय, एवढं तरी म्हणायचं होतं. नुसती पदराचं टोक पिळत बसले. तो म्हणाला, "मला कुठेही चालेल. झाडाखाली चालेल. पण आमचे आप्पा हट्टाला पेटलेत. तुझे दादाही."

एस.टी.ची वेळ झाली. गेला. मग सुचलं सगळं, काय काय बोलायला हवं होतं ते.

९ डिसेंबर

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. आवारात मांडव घालू, दारासमोरच, म्हणजे सगळं तिथंच झाल्यासारखं. आईचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो.

दादा म्हणाले, "दाराबाहेर? पुन्हा दाराबाहेर?"

आईनं तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलंय. ताट वाढते, पुढे सरकवते, उठून जाते.

१६ डिसेंबर, रविवार

सांगलीचा निरोप आला. नाताळपर्यंत होकार द्या, नाहीतर मोडलं समजा.

मी गेले. बाजूच्या खोलीतून आत, पहिल्यांदाच, धक्का बसल्यापासून. गार पडलं होतं आत. पारव्यांनी घाण केलीय. गोल खिडकीच्या रंगीत काचांतून ऊन फरशीवर आलं होतं, लाल, निळं. वर बघायची छाती होईना. दादा पहिल्या बाकावर. मला बघून दचकले.

"तू कशाला आलीस आत? जा बाहेर!"

"जाते. एक सांगा. मी मोठी की हे दगड?"

आयुष्यात वडिलांना असं बोलले नव्हते. ते बाकावरचा चुना हातानं झाडत राहिले. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मी वाट बघितली. मग दादाच ओरडले, "जा म्हणतो ना!"

आले. रस्ताभर रडत आले. गल्लीतली मुलं बघत होती, बघू देत.

उत्तर मिळालं म्हणायचं.

२३ डिसेंबर

आईनं लग्नाची पांढरी साडी पेटीत परत ठेवली. मला न सांगता. मी दारातून बघितलं.

२६ डिसेंबर, बुधवार

जयवंत आला! सकाळच्या पहिल्या गाडीनं, घरी भांडून, हातात बॅग. दादांसमोर उभा राहिला.

"मास्तर, लग्न इथंच. आतच. हे पाळक नाही म्हणाले तर दुसरे आणतो. मला भीती नाही."

मला वाटलं, दादा त्याला पोटाशी धरतील.

"नाही," म्हणाले. "तुम्ही दोघांनी आत पाऊल टाकायचं नाही. लग्न सांगलीला."

"पण दादा, तुम्हीच तर—"

"इथं नाही, एवढं तोंडातून निघत नव्हतं माझ्या. मनोरा पडणार आहे, एस्तू. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग रोज आत जाऊन का बसत होता?"

माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी म्हातारा हाय."

आईनं स्टोव्ह बंद केला.

सांगलीला होकाराची तार गेली, आप्पांची उलट तारही आली. उद्या सगळे निघतोय. परवा माझं लग्न. त्यानंतर जमीन हलली की दादांच्या मागे धावायला इथं मी नसणार.