सगळेच वासिली

पानगळ महिना, दुसरा दिवस

ताई, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. अक्षरं मला अजून अर्धीच येतात, आणि झाडाच्या सालीवर कोरलेलं या म्हाताऱ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. आता रोज थोडं खरडेन, तिकडे जाणारं कोणी भेटलं की सगळं एकदम पाठवीन.

नदीकाठचं हे गाव बरं आहे. नव्या लाकडी देवळात काम मिळालं. प्रार्थनेआधी लोकांना बोलवायला दाराशी टांगलेली लाकडी फळी ठोकायची, बस. दोन वेळची पेज मिळते, कधी मासा. आल्या आल्या राजाच्या हुकुमानं नदीत उतरून मीही नवा धर्म घेतला. ग्रीक पाद्रीबुवांनी आम्हा पुरुषांच्या अख्ख्या घोळक्याला एकच नाव दिलं, वासिली. वेगवेगळी द्यायला त्यांना सवड कुठली? शेजारीण दोब्रावा म्हणते, एका वासिलीला जेवायला हाक मारावी तर अख्खा घाट हात धुऊन हजर.

सहावा दिवस

नावाडी वासिली बुडून मेला. पाद्रीबुवा रोज त्याच्यासाठी मागणं मागतात, "देवा, तुझ्या वासिलीला तुझ्याकडे ने." मी फळी ठोकतो, मग ते मागतात. आपल्या बापासाठी कोणी एवढं मागितलं होतं?

दहावा दिवस

कुंभार वासिली गेला. धडधाकट माणूस. बायको सांगते, सकाळी चाकावर बसला होता, दाराकडे मान वळवून कोणाला तरी "आलो" म्हणाला आणि तसाच कलंडला. उंबऱ्यावर पाणी सांडलेलं होतं. दोब्रावा आज थट्टा करत नाही.

बारावा दिवस

लोहार वासिलीही गेला. पेटत्या भट्टीपुढे बसलेला, आणि कपडे ओलेचिंब.

पाद्रीबुवांना म्हटलं, कोणता वासिली ते मागण्यात सांगा. ते हसले. देवाला आपली माणसं ओळखता येतात, म्हणाले. मी म्हटलं, देवाला येतात हो, पण जो न्यायला येतो त्याला? त्यावर चिडले, फळी ठोकायला पिटाळलं. मी ठोकली. काय करणार?

चौदावा दिवस

भर दुपारी दाराबाहेर त्या बुडालेल्या नावाड्याचा आवाज. रागाचा नाही, अगदी मायेचा. "वासिली, चल बाबा, होडी थांबलीय." तोंडात ओ आली होती, ओठ चावून धरला.

दोब्रावाला विनवलं, मला जुन्या नावानं हाक मार. ती रडायला लागली. जुनं नाव घेतलं की फटके बसतात. आणि म्हणाली, "आजोबा, माझ्या हाकेनं काही व्हायचं नाही. न्यायला आलेल्याच्या हातून सोडवायचं तर रक्ताच्या माणसानंच हाक मारावी लागते."

इथं माझ्या रक्ताचं कोण आहे?

पंधरावा दिवस

आज फळी ठोकायला गेलोच नाही. तरी वाजतेय— कोण ठोकतंय? आता मागणं सुरू होईल. उंबरा ओला झालाय—

ताई, लवकर निरोप पाठव. नको, निरोप नको, तूच ये. दारात उभी राहून मोठ्यानं हाक मार, नेझ्दान म्हणून, आई मारायची तशी—

कोणीतरी आलंय. तुझाच आवाज. देवा, इतक्या लवकर कशी आलीस? मी ओ दिली, ताई, ऐकलंस ना? उठतोच—

पण तू मला वासिली का म्हणालीस? हे नाव तर तुला अजून—