एका वाटीतले दोन बिल्ले

४ जाने. १९३७, सोम.

धुणं झालं. दोन्ही कोटांवरचे बिल्ले काढून देवळीतल्या पितळी वाटीत टाकले. काढावेच लागतात, नाहीतर पिन गंजते आणि छातीवर पिवळा डाग बसतो. मामाजींच्या कोटावरचा राजाचा, ह्यांच्या खादीच्या कोटावरचा चरख्याचा. बाप-लेक महिनाभर एकमेकांशी बोललेले नाहीत, बिल्ले मात्र एका वाटीत शेजारी शेजारी. हसू आलं. मग वैतागही आला.

निरोप्या मी. मामाजी ओट्यावरून म्हणतात, "त्याले सांग, कपाशीची गाडी उद्या सरकी काढाले जिनात न्यायची हाय." हे तिथेच, हाताच्या अंतरावर. ऐकू येतं. तरी मी सांगायचं. यांनी मान हलवली की तीही मीच पोचवायची. सून म्हणून आणली की टपालवाली म्हणून?

७ जाने., गुरु.

मामाजींनी आज निकालच दिला. तहसीलदार साहेबांचा मुक्काम १८ला जानेफळात. असेंब्लीची निवडणूक तोंडावर आली म्हणून आसपासच्या सगळ्या पाटलांना बोलावलं आहे.

"घरात चरखा मिरवनारा असला तं मी साहेबाले काय तोंड दाखवू? माह्या बापाची पाटीलकी हाय, त्याच्या बापाची हाय. साहेब यायच्या आत बिल्ला उतरला पाह्यजे. नाई तं त्यानं आपली चूल येगळी मांडावी. त्याले सांग."

सांगितलं. हे म्हणाले, "त्याईले सांग, मांडतो."

मांडतो! चूल हे मांडणार? फुंकणार कोण, सारवणार कोण? मला कोणी विचारलं? आणि सासूबाईंचं, आत्याबाईंचं काय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ओळखतात ते खोकल्यावरून. त्यांना कोण पाहणार?

रात्रभर तेच डोक्यात. तवा एकच आहे घरात.

९ जाने., शनि.

राजाचा बिल्ला ज्युबिलीचा, त्याच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा. मेहकरला मांडव घालून साहेबांनी एकेका पाटलाच्या छातीवर आपल्या हाताने टोचला होता. त्या दिवसापासून मामाजी तो लावल्याशिवाय चावडीवरसुद्धा जात नाहीत. आता तो राजा मरून वर्ष झालं. त्याच्या मागून गादीवर बसलेल्या पोराने ती सोडली म्हणतात, एका बाईपायी. तिसरा बसला आहे. मामाजी अजून पहिल्यालाच मिरवतात. बिल्ल्यावरची त्याची दाढी घासून घासून पुसट झाली आहे.

मामाजी त्या गादी सोडणाऱ्या पोरावर फार चिडून आहेत. काल जेवताना म्हणाले, "राजाचं पोरगं गादी सोडते, माह्यं पाटीलकी सोडाले निंघालं. जमानाच तसा हाय." हे ताटावरून उठून गेले. भाकरी तशीच.

चरख्याचा बिल्ला खामगावचा. स्वयंसेवकांच्या मेळाव्यात पेटी उघडून वाटले, तिथून हे लावूनच आले. कसे चालत आले होते! जणू छातीच पुढे आली होती. मला आवडलं होतं ते चालणं. अजून आवडतं. पण यांच्या स्वदेशीचं म्हणाल तर माझी निळी साडी. वरवटहून बाबांनी आणलेली, लग्नातली. विलायती म्हणून यांनी चावडीसमोरच्या होळीत टाकली. सात वर्षं होतील आता. तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलावंसं वाटतं, तर बोलायला कारण नाही.

१४ जाने., संक्रांत

तिळगूळही माझ्याच हातून गेला, इकडून तिकडे. आत्याबाई आतून ओरडल्या, "गोड राहू द्या बाप्पा, नुसतं बोला तरी!" कोणी बोललं नाही.

दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या. डोळ्यांना दिसत नाही, पण बारीक खडा बोटांतून सुटत नाही. मला म्हणाल्या, "सूनबाई, तू कायले रडवेली झाली व? घर असं तुटत नसते." मी म्हटलं, तुटत नसतं तर वाटणीची बोलणी कशाला? एक खडा काढून बाजूला टाकला. निवडत राहिल्या.

१७ जाने., रवि.

उद्या. मामाजी छकड्याने जानेफळला, हे मेहकरला मिरवणुकीत. दोघांनाही पहाटेच निघायचं.

बिल्ले वाटीत काढून ठेवले, तांब्यात निखारे घालून दोन्ही कोटांना इस्त्री केली. यांनी बिल्ला सोडला नाही, सोडणारही नाहीत. मामाजींनी सांगून ठेवलंय, जानेफळहून आलो की वाटणी.

भांडी पाहत बसले. कोणती आपल्याकडे येतील, कोणती नाही. मग स्वतःचाच राग आला. हात जागेवर राहत नाहीत. दोनदा सारवलेलं तिसऱ्यांदा सारवलं.

१८ जाने., सोम.

गेले दोघे. घरातला पुरुष बाहेरगावी कामाला निघाला की बिल्ला आत्याबाईच लावतात. तो मान त्यांचा, कुंकवासारखा. मी गोठ्यात होते. थंडी कडाक्याची, मामाजींनी वर उपरणं ओढलेलं, यांनी घोंगडी. मला दोघांच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

आज धुणं नाही. काय धुऊ.

दिवेलागण. हे परत आले, पायी. मिरवणूक अर्ध्यात सोडून. घोंगडी काढली, छातीवर काहीच नाही. खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला तो राजाचा बिल्ला!

मेहकरच्या चौकात घोंगडी काढली तेव्हा पोरं हसायला लागली. यांना कळेना का. मग स्वयंसेवकांच्या कप्तानाने बोट दाखवलं. "टाक तो नाल्यात," म्हणाला. यांनी टाकला नाही. खिशात ठेवला. कप्तान म्हणाला, तुझ्या घराचं आधी ठरव, मग ये.

मी विचारलं, "टाकला काऊन नाही?"

"बाचा हाय तो."

एवढंच. मग लक्षात आलं. हा इथे, तर तो चरखा कुठे? मामाजींच्या छातीवर. साहेबासमोर.

१९ जाने., मंगळ.

मामाजी दुपारी आले. उतरले ते सरळ मोटेवर गेले. चरखा कोटावर तसाच. सखाराम गाडीवानाने बैल सोडता सोडता सगळं सांगितलं.

पाटलांची रांग. साहेब समोर आले, रामराम करायला मामाजींनी छातीवरचं उपरणं बाजूला घेतलं. शेजारचे पाटील खुसखुसले. साहेब म्हणाले, "पाटील, हे काय लावून आलात? काढा." मामाजींनी खाली पाहिलं. सखाराम म्हणतो, तोंड असं झालं की वाटलं आता फाडूनच फेकतात. हात वर गेलाही. तेवढ्यात साहेबाने पट्टेवाल्याला खूण केली आणि पट्टेवाल्याने सरळ मामाजींच्या छातीला हात घातला.

झालं. मामाजींनी त्याचं मनगट धरलं. "माह्या घरचा हाय. माह्या बायकोनं लावला हाय. काढन तं तेच काढन."

साहेब: "मग पुढच्या मंगळवारी मेहकरला कचेरीत येऊन जबाब द्या. बिल्ला उतरवून या, नाहीतर पाटीलकी ठेवून जा."

वाटणीचं कोणी नावही काढलं नाही आज. ही गत त्यापेक्षा बरी की वाईट, मला कळेना.

२० जाने., बुध.

मामाजी चरखा लावून चावडीवर बसले. गावात लोक म्हणतात, पाटील फिरले. कसले फिरले! हट्ट आहे नुसता. पट्टेवाल्याने हात घातला नसता तर कधीच काढला असता.

आत्याबाईंना विचारलं, असं कसं झालं हो? म्हणाल्या, "मले तं दोनी सारखेच लागले व हाताले."

सारखेच. पण दिवाळीत त्यांच्याच हातून राजाचा बिल्ला दगडावर पडला होता, कडेला पोचा आला आहे, मामाजी दोन दिवस धुसफुसत होते. तांदळातला खडा कळतो त्या बोटांना पोचा कळला नाही? मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या शेंगा फोडत होत्या, खाली मान घालून.

२२ जाने., शुक्र.

सारखेच म्हणाल्या ते डोक्यातून जाईना. मामाजी आंघोळीला गेले, कोट खुंटीला. चरखा काढला, राजा वाटीतून घेतला, दोन्ही उन्हात धरले. आकार एक. पिन एक, तिचं वळणसुद्धा एक. मग उलटे केले.

मागे आत गोल कागद बसवलेला, त्यावर इंग्रजी अक्षरं, मुंगीएवढी. मला इंग्रजी येत नाही. सातवी पास मराठी. पण अक्षर अक्षराशी जुळवता येतं. एकेक जुळवलं, बोट ठेवून ठेवून. पहिलं ते शेवटचं, दोन्हीकडे तेच.

यांच्याकडे नेले. यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मग ओट्यावर बसले. कारखाना एक. गाव एक. विलायतेतलं.

"राजाचाही तिथलाच?"

"हाव."

"चरख्याचाही?"

यांनी चरखा मुठीत मिटला.

"आणि माझी साडी?"

"कोनाले सांगू नको."

"कोणाला म्हणजे? साडीला?" सात वर्षांचं होतं ते, निघालं एकदम. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. बिल्ला उलटा सुलटा करत राहिले, मग खालीच पाहून म्हणाले, "निळी होती. काठ पिवळा."

काठसुद्धा ध्यानात होता! मी आत जाऊन रडले. राग गेला असं नाही, पण रडले.

मामाजी आंघोळीहून यायच्या आत चरखा कोटाला पुन्हा लावला. घाईत पिन बोटात गेली.

२४ जाने., रवि.

ओट्यावर दोघे. मी निरोप न्यायच्या तयारीत उंबऱ्यात. मामाजी अचानक यांच्याकडे तोंड करून, सरळ: "काय लिवलं हाय बे याच्या मांगं? परवा नवरा-बायको उन्हात काय पाहून राह्यले होते?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आत्याबाई आत उखळाशी थांबल्या.

हे म्हणाले, "दोनी एकाच कारखान्याचे हायत, बा. विलायतेच्या."

मामाजींनी आपल्या छातीवरच्या चरख्याकडे पाहिलं. मग खो खो हसले. "मंजे माह्या साहेबाचा बी अन् तुह्या कप्तानाचा बी दुकानदार एकच! बेटा दोनीकडून कमावते, अन् आपन एका घरात चुली मोजून राह्यलो." हेही हसले. मीही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग हसणं ओसरलं, आणि मंगळवार तिथेच होता.

हे: "बा, साहेबासमोर काढून ठेवा. चार पिढ्याची पाटीलकी जाईन."

"अन् तू? तू काढशीन?"

"माह्याजोळ हायच कुठं काढाले?"

"पुसलं ते सांग."

हे पायाच्या अंगठ्याने ओट्यावरची माती कोरत राहिले. त्याच मंगळवारी मेहकरला झेंडावंदन आहे, कप्तानाचा निरोप आला आहे, काय ठरवून येतोस ते पाहतो म्हणून. साहेबाने मुद्दाम तोच दिवस धरला, असं हे म्हणतात.

२५ जाने., सोम.

धुणं. मामाजींनी कोट काढून दिला, स्वतःहून. चरखा काढून वाटीत टाकला. राजा तिथेच होता. पुन्हा दोघे शेजारी.

दोन्ही कोट वाळले, इस्त्री झाली. उद्या दोघे एकाच छकड्यात मेहकरला. एकाच छकड्यात! हे तरी झालं.

आत्याबाईंपुढे वाटी नेली. त्यांनी हात लावला नाही. "आता तूच लाव व माय. माह्ये डोये गेले."

"कोणता कोणाला लावू?"

"मले काय पुसतं? तुले दिसते ना."

मामाजींकडे गेले. म्हणाले, "सूनबाई, कोनताबी लाव. नाई लावला तरी चालीन. पन घरच्या बाईनं लावला का मंग मी कोनाच्या बापाच्या सांगन्यानं काढनार नाई, हे ध्यानात ठेवजो."

यांच्याकडे गेले. म्हणाले, "बाले विचार." म्हटलं, विचारलं. म्हणाले, "मंग तुह्यावर हाय."

दीड महिना दोघांचे निरोप वाहिले, तेव्हा कोणी विचारलं नाही. आता सगळे मलाच विचारतात. चार पिढ्यांची पाटीलकी माझ्या एका पिनेवर. राजा लावला तर पाटीलकी राहील, पण साहेबाने छातीवर हात घालून करवून घेतलं असं होईल, आणि मामाजी पुन्हा कधी असे हसतील असं वाटत नाही. चरखा लावला तर पाटीलकी जाईल. आणि चरखा तरी कोणाचा? त्याच कारखान्याचा. दोन्ही चुलीत टाकावे असंही आलं मनात. कोट रिकामा गेला तर तो कोणाचा विजय?

आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आहेत. उठून जात नाहीत.

आत्ता डोळे मिटून वाटीत बोटं घातली, त्यांच्यासारखी. पोचा लागतो. लगेच लागतो. पहिल्याच बोटाला.

त्यांच्याकडे पाहिलं. हसल्या की काय, कळलं नाही.

मामाजींचा कोट मांडीवर घेतला आहे. पिन उघडली.