लाल चिठ्ठीच्या बाटल्या

३ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत उंदरांची चाळीस पिल्लं आली. डोळे उघडून आठवडाच झालेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निम्म्यांना साधं पाणी, पांढरी चिठ्ठी. निम्म्यांना शिसं मिसळलेलं, लाल चिठ्ठी. लहान जिवाच्या किडनीला किती बाधतं ते बघायचंय." पाणी त्या कालवतात. पिंजऱ्यांना बाटल्या मी लावतो. आजवर मोठे उंदीर असायचे, त्यांचं कधी काही वाटलं नाही. ही मुठीत मावतात!

७ फेब्रुवारी
थोरल्या लेकीचा फोन. बॅटरीच्या कारखान्यामागे तिची वस्ती. तिथली विहीर अजून कुलूपबंदच. टँकरच्या रांगेत दोन-दोन तास, कडेवर दीड वर्षाची पोर. पाण्यात काहीतरी आहे म्हणतात — काय ते कुणी धड सांगत नाही.

१० फेब्रुवारी
केलं! लाल चिठ्ठीच्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि नळाचं पाणी भरलं. शेवटी कापायचीच आहेत, मग आधी झिजवायची कशाला? कुणाचं काय जातंय? दिवसभर छातीत धडधड. शिपाई म्हणतो, "आजोबा, कोंबडी चोरल्यासारखं तोंड का केलंय?" मेल्याला सगळं दिसतं.

११ फेब्रुवारी
आजही.

२ मार्च
रोज तेच. हात आता सवयीचा झालाय. छाती नाही.

४ एप्रिल
आज पिल्लं कापली. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. बाईंनी आत बोलावलं. "बघा, लालच्या आणि पांढऱ्याच्या किडन्या अगदी सारख्या! मला वाटलं होतं, खराब निघतील." ताटलीत घेवड्याच्या दाण्यांसारख्या, गुळगुळीत. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं मला.

मग त्यांनी फोन लावला. "हो, विहिरीत सापडलं तेवढंच शिसं घातलं होतं. पिल्लांना बाधलं नाही. हो, बॅटरी कारखान्यामागची, तीच. कुलूप काढायला हरकत नाही."

लेकीच्या वस्तीची विहीर!

५ एप्रिल
लेकीला फोन केला. पोरीला ते पाणी देऊ नको म्हटलं.
"बाबा, तपासून पास केलंय! उद्या कुलूप निघतंय. तुम्हाला काय, उकळलेल्या दुधाचीसुद्धा भीती वाटते."
खरंच आहे. जन्मभर उगाच घाबरत आलो, आता खरं सांगतोय तर ऐकणार कोण? आणि का देऊ नको, ते कुठल्या तोंडानं सांगू? बाईंना सांगितलं तर हाकलतील. या वयात दारात उभं कोण करणार? नाही सांगितलं तर —

६ एप्रिल
सकाळी बाई यायच्या आधीच त्यांच्या दाराशी जाऊन बसलो. सगळं ओकलो. त्या म्हणाल्या, "पिल्लांची दया आली, आजोबा. आणि त्या वस्तीतल्या पोरांची?"
"मला ठाऊक नव्हतं, बाई."
"विचारलंत कधी?"
मग त्यांनी फोन उचलला. कुलूप काढायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरला. मला काढलं नाही.

११ एप्रिल
नवी चाळीस पिल्लं आली. बाईंनी शिशाचं पाणी कालवून कॅन माझ्या हातात दिला. "तुम्हीच भरा. माझ्यासमोर." वीस बाटल्या भरल्या, लावल्या. पिल्लं लगेच नळीला लागली.
प्या, म्हटलं.