तिसऱ्या दिवशीची बाटली

१२ नोव्हेंबर १९७८

एकदाचा खाप्याला पोचलो. नागपूरहून निघालेली बस सावनेरला तासभर रुसून बसली, त्यामुळे नोकरीचा पहिला दिवस धावपळीतच सुरू झाला. पण गाव आवडलं. दवाखान्यामागे थोडं चाललं की कन्हान नदी, आणि गल्लीत हातमागांची खटखट दिवसभर चालू. ढोमणे डॉक्टर साठीचे आहेत, बोलायला तिखट, पण मनाने बरे दिसतात. म्हणाले, कंपाउंडरचं अक्षर आणि हात दोन्ही स्वच्छ पाहिजेत. अक्षर बघून खूश झाले. हात नंतर बघतील.

खोली भागीरथाबाईंकडे मिळाली. एकट्याच असतात, एक मुलगी कोराडीच्या कॉलनीत दिलेली. त्यांच्या आणि माझ्या खोलीत फक्त फळ्यांची आडभिंत आहे, त्यामुळे त्यांचा जुना खोकला आता माझाही झाला. दुपारी झोपतात आणि चारच्या ठोक्याला चहाचं पातेलं आदळतात. आज एक कप मलाही आला, सोबत चिवडा. आईला पत्रात लिहिलं, काळजी करू नको, इथे माझे लाड चाललेत.

१९ नोव्हेंबर

कामात रुळलो. मोठ्या बरण्यांत मिक्स्चरं तयार असतात. डॉक्टरांची चिठ्ठी बघायची, मापाच्या ग्लासात घ्यायचं, पेशंटने घरून आणलेली बाटली भरायची, बूच लावायचं आणि खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक मात्रा. औषध तीन दिवसांचं, तिसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन पेशंट परत हजर. माझ्या पट्ट्या इतक्या सारख्या निघतात की बाया मुद्दाम बघायला थांबतात.

कोपऱ्यात कुलूप लावलेलं लहान कपाट आहे. आत लाल चिठ्ठ्यांच्या चार बाटल्या, विषारी. किल्ली डॉक्टरांनी आज माझ्या स्वाधीन केली. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

३ डिसेंबर

कवडू नावाचा शेतकरी आहे, नदीपलीकडच्या गावचा. गुरुवारी पोटदुखीचं औषध घेऊन गेला, तो तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्याही नाही. लोक बरे झाले की येत नाहीत, हे मला कळतं. तरी आज जेवताना एकदम डोळ्यांसमोर आलं की त्याची बाटली भरताना माझा हात त्या लहान कपाटाकडे जातोय. लख्ख दिसलं. घास तोंडात तसाच राहिला.

५ डिसेंबर

कवडूच्या गावी चालत जाऊन आलो. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होता, ठणठणीत. बाटलीचं विचारलं तर म्हणाला, त्यात बायकोने राकेल भरून ठेवलं. इतका आनंद झाला की त्याच्याबरोबर दोन बिड्या ओढल्या, मी न ओढणारा.

घाट उतरेपर्यंत आनंद टिकला. मग वाटलं, कवडू ठीक आहे, पण त्याच दिवशी आणखी सतरा बाटल्या भरल्या होत्या.

१४ डिसेंबर

आता प्रत्येक बाटली देण्याआधी थेंबभर चाखतो. चव ओळखीची लागली की पुढे सरकवतो. दिवसभर तोंड कडू. लोक हसतात. ताराचंद शेठ म्हणाले, कंपाउंडर नैवेद्य दाखवून राहिला. मीही हसलो. हसता हसता त्यांचीच बाटली परत घेतली आणि पुन्हा चाखली.

या वहीत रोज प्रत्येक बाटली लिहितो. कोणाची, कुठल्या बरणीतली, कपाटाचं कुलूप किती वेळा ओढून पाहिलं. आज एकतीस वेळा.

२३ डिसेंबर

चूक होईल याची भीती वाटत होती तोवर बरं होतं. आता वेगळंच सुचतं. चुकून नाही, मुद्दाम विष घातलं असलं तर? मी आतून तसा माणूस असलो तर? लहानपणी मुंगी मारताना मजा वाटली होती का, ते तासभर आठवत बसलो. नक्की आठवत नाही.

आमची आत्या दिवसातून वीसदा नळ धुवायची. तिला सगळे वेडी म्हणायचे. मी तर काहीच धूत नाही. मग मला काय झालंय?

२ जानेवारी १९७९

हे इथेच लिहितो, कुणाला सांगणार. थंडीने भागीरथाबाईंचा खोकला वाढला, म्हणून डॉक्टरांनी औषध सुरू केलं. त्यांची बाटली भरायला घेतली की बरणीची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचतो. बाकीच्यांचं विष मनात एकदा येतं, त्यांचं दहा वेळा. ज्यांनी पहिल्या दिवशी चहा दिला, त्यांचंच. सहा वेळा भरली, सहा वेळा मोरीत ओतली. शेवटी गुळाचं पाणी भरलं, आल्याचा रस टाकला, पट्टी चिकटवली. गुळाने कोणी मरत नाही.

किती हलकं वाटलं.

९ जानेवारी

तिसरी बाटली. तीही गुळाची.

खोकला आता दिवसाही थांबत नाही. डॉक्टर चक्रावले आहेत. त्यांनी मात्रा वाढवून दिली. मी गूळ वाढवला.

१७ जानेवारी

भागीरथाबाईंना ताप. कोराडीहून लेक आली, शोभाताई. डॉक्टर म्हणाले, असाच राहिला तर नागपूरला नेऊन छातीचा फोटो काढावा लागेल. शोभाताईंनी मला हात जोडले, म्हणाल्या, भाऊ, तुम्ही घरात आहात म्हणून मी निर्धास्त आहे.

खरं औषध देऊ शकत नाही. खोटं देतोय म्हणून ती बाई खंगते आहे. दोन्हीकडून मारणारा मीच.

२१ जानेवारी

संध्याकाळी भागीरथाबाईंना मात्रा द्यायला आत गेलो. घेतली. मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"काहून गा रुपराव, दवाई गोड लागून राहिली मले," म्हणाल्या. "माह्यं आता काही खरं नाही, म्हनून कडू देनं बंद केलं का तुमी?"

त्यांनी माझा हात थोपटला. मलाच धीर देत होत्या.

तसाच डॉक्टरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. कवडू, कपाट, मुंगी, गूळ. वाटलं, पोलिसांना बोलावतील. मला तेच हवं होतं, कुणीतरी कुलूप लावावं आणि किल्ली माझ्याकडे नसावी. ते रागाने म्हणाले की गुळाच्या पाण्याचं पाप तुझंच, ते मी पुसणार नाही. आणि लगेच नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावे पत्र लिहायला बसले. भागीरथाबाईंना त्यांनी स्वतः सुई दिली.

२३ जानेवारी

नागपूरला धंतोलीत गेलो होतो. डॉक्टर पुष्पलता वानकर, मनाच्या रोगांच्या. वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पाच-सहा पानं वाचली. म्हणाल्या, आत्याचा नळ आणि माझी बाटली हा एकच आजार. तिचा लोकांना दिसायचा, माझा डोक्यात चालतो, म्हणून कुणाला कळत नाही. असं भयंकर मनात येणारे पुष्कळ असतात. बाळाला आपणच इजा करू या भीतीने त्याला कडेवर न घेणाऱ्या आया त्यांच्याकडे येतात. ज्याला खरंच मारायचं असतं त्याला असा घाम फुटत नाही, म्हणाल्या. मी विचारलं, नक्की ना? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी वही मिटली.

"रुपराव, तुम्हाला खात्रीची तल्लफ लागली आहे. मी दिली तर उद्या जास्त लागेल. आता कुणीच द्यायची नाही. मी नाही, ढोमण्यांनी नाही, तुम्ही स्वतःला नाही."

गोळ्या दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील. आणि पथ्य असं: बाटली एकदाच भरायची. चाखायची नाही. पेशंटच्या मागे जायचं नाही. मनात आलं की मी मारलं, तर 'नाही' म्हणायचं नाही. म्हणायचं, असेलही, नसेलही. आणि ही वही बंद करायची, कारण हेही चाखणंच.

किल्ली मात्र माझ्याकडेच राहणार. दोन्ही डॉक्टरांचं त्यावर एकमत आहे. गयावया केली, उपयोग झाला नाही.

३० जानेवारी

वही उघडली. फक्त एवढंच लिहितो की आठ दिवस उघडली नव्हती. भागीरथाबाईंचा ताप उतरला. सुया संपल्या. खोकला आहेच.

आज नऊ बाटल्या न चाखता दिल्या. दोन्ही हातांनी टेबल धरून उभा होतो. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. कडू तरी नाही.

८ फेब्रुवारी

ताराचंद शेठच्या गल्लीवरून गेलो. वळलो नाही. असेलही, नसेलही.

उद्या त्यांची बाटली. भागीरथाबाईंची. खरी. वानकरबाईंच्या पत्रात पथ्य आलंय — मीच भरायची, मीच द्यायची, ढोमणे डॉक्टर बघणारही नाहीत.

९ फेब्रुवारी, दुपार

भरली. एकदाच. बरणीची चिठ्ठी वाचली — वाचली होती. कपाटापाशी गेलो नव्हतो. गेलो होतो, रुमाल घ्यायला. रुमाल कपाटावरच — कुलूप ओढलं नाही. आधी बंद होतं ना

जेवणानंतर मात्रा दिली. तोंड वाकडं केलं त्यांनी. "कडू आहे गा," म्हणाल्या, आणि हसल्या. किती खूश झाल्या. आडव्या झाल्या.

तीन वाजता. खोकल्या, दोनदा.

साडेतीन. खोकला नाही. तीन महिन्यांत इतकी शांत दुपार —

औषध लागू पडलं. किंवा

कडू म्हणाल्या. ते मिक्स्चर कडू असतं का इतकं? शंभरदा चाखलंय, आता आठवत नाही. आठवत नाही —

चार. पातेलं वाजलं नाही.

चार दहा. आडभिंतीला कान लावला नाही. हात लावला. फळी थंड आहे. उठून दोन पावलं. दार लोटलेलंच असतं. एकदा बघितलं की संपलं. आजचं संपलं. उद्या पुन्हा, परवा पुन्हा, आणि मग गूळ.

चार वीस. त्या मेल्या असल्या तर मी इथे बसून

असेलही.

नसेलही.

हे लिहिणंसुद्धा चाखणंच. वानकरबाईंनी सांगितलं होतं. पातेलं वाजेपर्यंत लिहीत राहिलो तर ते वाजल्याचंही लिहीन, आणि मग कधीच —

चार पंचवीस. आवाज नाही. उठणार नाही. विचारणार नाही. पेन खाली ठेव